जुना रेंजफाइंडर घेताना: नागपूरचे उन्हाळे सोसलेला कॅमेरा कसा पारखावा

जुना रेंजफाइंडर कॅमेरा विकणाऱ्याला मी आधी किंमत विचारत नाही, मॉडेलही विचारत नाही. "काका, हा ठेवला कुठे होता?" एवढंच विचारतो. "बैठकीतल्या कपाटात आहे जी, बाबांचा होता" असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं सुरू. "वर माळ्यावर, ट्रंकेत" असं आलं तर दुरुस्तीचा खर्च आधीच मनात धरून ठेवतो, कॅमेऱ्यावर नाव कोणत्याही कंपनीचं असो.

हा प्रश्न मी नागपूरमुळे विचारतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहूनही जास्त तापतं. लेन्सच्या फिरत्या भागांत जे ग्रीस असतं ते या उष्णतेत पातळ होतं. त्यातलं तेल सुटून सरकत सरकत शटरच्या पात्यांपर्यंत पोहोचतं आणि तिथे चिकटून बसतं. दुसरं कारण आपल्या घरातच असतं: कूलर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ओल्या ताट्यांमधून येणारी दमट हवा खोलीभर फिरते, आणि कूलर बंद होतो तोवर पावसाळा सुरू झालेला असतो. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने लेन्सवर बुरशी धरायला पोषक. १९७० च्या आसपास बनलेल्या कॅमेऱ्याने इथे पन्नासेक उन्हाळे आणि तेवढेच पावसाळे काढलेले असतात. परदेशी परीक्षणं वाचून मॉडेल निवडणारे नेमकं हे विसरतात. तिथल्या सुक्या, थंड कपाटात राहिलेला आणि आपल्या माळ्यावर राहिलेला, हे दोन कॅमेरे नावाने एक असले तरी तब्येतीने एक नसतात.

आधी, रेंजफाइंडर म्हणजे नेमकं काय

एसएलआर कॅमेऱ्यात आपण आरशातून थेट लेन्समधलं दृश्य पाहतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून काहीच पाहत नाही. वर एक वेगळी खिडकी असते आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरवर दुसरी छोटी खिडकी. या दोन्हींतून आलेल्या प्रतिमा एका अर्धपारदर्शक काचेवर एकत्र होतात, म्हणून मधल्या छोट्या चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. फोकस रिंग फिरवली की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला. रिंगचं फिरणं आणि प्रतिमेचं सरकणं एकमेकांशी जोडलेलं असतं, आणि जुन्या कॅमेऱ्यात हीच जोडणी बिघडते.

मला हा प्रकार आवडतो तो त्याच्या शांतपणामुळे. उडणारा आरसा नाही, त्यामुळे आवाज कमी, हादरा कमी. संध्याकाळी इतवारीच्या गल्लीत १/३० सेकंदाच्या शटरवर हातात धरून फोटो काढता येतो आणि समोरच्याचं लक्षही जात नाही. तोटेही लक्षात ठेवा. फार जवळचं टिपता येत नाही, बहुतेक कॅमेरे ८० सेंटिमीटर ते १ मीटरच्या आत फोकस करत नाहीत. लेन्सवर झाकण राहिलं तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसत राहतं, त्यामुळे झाकण काढून खिशात टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कोणता घ्यावा

सुरुवात करणाऱ्याने लेन्स कायमची जोडलेला जपानी कॅमेरा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत जपानी कंपन्यांनी हे भरपूर बनवले, काचा उत्तम आहेत, आणि शटर लेन्सच्या आत बसलेलं असल्याने कापडी पडदा फाटण्याची भीती नाही.

यशिका इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातला जीएसएन १९७३ चा. ४५ मिलिमीटरची एफ १.७ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत), आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, आपण ठरवलं की शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो, तोही ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. नागपुरातल्या घरांमधून मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला कॅमेरा हाच. मात्र तो पूर्णपणे बॅटरीवर चालतो. बॅटरी नसेल तर शटर फक्त १/५०० वर उघडतं. म्हणजे "बॅटरी नाही पण क्लिक होतो, चालू आहे" या वाक्याला इलेक्ट्रोच्या बाबतीत काहीच अर्थ नाही.

कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री १९७२ चा. ४० मिलिमीटर, एफ १.७, शटर १/४ ते १/५००. इथे शटरचा वेग आपण ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा निवडतो, आणि ऑटो सोडून सगळं हाताने ठेवलं तर बॅटरीशिवायही शटर बरोबर चालतं. प्रकाश मोजणारा मीटर मेला तरी कॅमेरा जिवंत राहतो. एकच घ्यायचा असेल आणि तब्येतीने चांगला मिळाला, तर मी हा घेईन. ऑलिंपस ३५ आरसी याच स्वभावाचा, पण आणखी छोटा. लेन्स ४२ मिलिमीटर, एफ २.८. मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस अंगाने मोठा आणि वजनदार, पण हाताने सेटिंग करून बॅटरीशिवाय चालणारा. ऑलिंपस एक्सए १९७९ चा, खिशात मावतो, मात्र तो इलेक्ट्रॉनिक आहे. बिघडला तर आपल्याकडे उघडून देणारा मिळणं कठीण.

सोव्हिएत बनावटीचे फेड आणि झोर्की यांची गोष्ट वेगळी. फेड-२ १९५५ पासून खार्कीवला बनला, झोर्की-४ १९५६ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला. लेन्स बदलता येतात, बॅटरी लागतच नाही, आणि ज्युपिटर-८ सारखी ५० मिलिमीटर एफ २ ची लेन्स सोबत मिळाली तर चेहरे सुंदर येतात. पण शटरचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे, आणि आपल्या उन्हाळ्यात ते कडक होऊन तडकतात. नियमही कडक आहे: आधी शटर चढवायचं, मगच वेगाची चकती फिरवायची. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. विकणाऱ्याने तुमच्यासमोर शटर न चढवता चकती गरागरा फिरवली, तर त्या कॅमेऱ्याला घरात कसं वागवलं गेलं ते तिथेच कळतं.

लायकाबद्दल थोडक्यात. फोकसशी जोडलेला रेंजफाइंडर लायकात १९३२ च्या लायका-२ मध्ये आला आणि आज लोक ज्याच्या मागे असतात तो एम३ १९५४ चा. पैसे असतील तर जरूर घ्या, पण ओळखीच्या आणि पावती देणाऱ्या माणसाकडूनच. सोनेरी मुलामा दिलेला, गरुडाचं किंवा सैन्याचं चिन्ह कोरलेला, "महायुद्धातला" लायका कोणी दाखवला तर तो बहुतेक वेळा वरचं नाव बदललेला झोर्की किंवा फेड असतो. लेन्स काढून आत वर पाहा. रेंजफाइंडरला ढकलणारा दांडा असतो, खऱ्या लायकात त्याच्या टोकाला छोटं गोल चाक असतं आणि सोव्हिएत कॅमेऱ्यात पाचरीसारखा सपाट तुकडा.

पाहायला जाताना झोळीत काय न्यायचं

मोबाइल तर असतोच, त्यातली टॉर्च आणि स्लो-मोशन व्हिडिओ दोन्ही लागतात. शिवाय मोजपट्टी, छोटं भिंग, ट्रेसिंग पेपरचा तुकडा, चिकटपट्टी, वाया गेलेला एक रोल, आणि सेल. इलेक्ट्रोसाठी मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. एलआर४४ चे चार सेल कागदात घट्ट गुंडाळून एकावर एक ठेवले की ६ व्होल्ट होतात, उरलेल्या जागेत ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा. कॅनोनेट, मिनोल्टा यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तोही बंद झाला. त्याच्या जागी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल चालतो, त्याचा व्होल्टेज १.४ च्या आसपास आणि शेवटपर्यंत स्थिर असतो. धंतोली, रामदासपेठेत दवाखान्यांची गर्दी आहे, तिकडे कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात विचारा. हा सेल व्यासाने किंचित लहान असतो, बाजूने रबराची बारीक रिंग बसवावी लागते. वरचा कागद काढला की तो हवेने चालू होतो आणि मग वापरा किंवा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तर लवकरच. त्याच मापाचा साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर चुकीचं दाखवतं, आणि सेल उतरत जाईल तशी चूक बदलत जाते.

जायच्या आदल्या दिवशी फोन करून विकणाऱ्याला एवढंच सांगा: "दादा, मी येईपर्यंत बटण दाबू नका." का, ते आता सांगतो.

पहिली क्लिक

कित्येक महिने पडून राहिलेल्या कॅमेऱ्याची पहिली क्लिक खरं सांगते. पात्यांवर तेल असेल तर पहिल्यांदा शटर अडखळतं, अर्धवट उघडतं किंवा उघडतच नाही. पाच-सहा वेळा दाबलं की पाती सुटी होतात आणि कॅमेरा ठणठणीत वाटतो. दुकानदार ग्राहक यायच्या आधी तो असा "गरम" करून ठेवतात, घरी नेऊन आठवडाभर ठेवला की पुन्हा तेच. म्हणून पहिली क्लिक तुमच्या हातून व्हावी, आणि तीही हळू वेगावर. कॅमेऱ्यात १ सेकंद असेल तर १ सेकंदावर, नाहीतर जो सगळ्यात हळू असेल त्यावर.

समोरून लेन्समध्ये पाहा. उघडलेली पाती एका झटक्यात बंद झाली पाहिजेत. बंद पात्यांवर टॉर्चचा प्रकाश तिरका टाका. पाती सुकी, मंद राखाडी दिसली तर उत्तम. तेलकट चमक किंवा इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तर तो कॅमेरा आज चालतोय, डिसेंबरात चालेलच असं नाही. थंडीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा हेच तेल घट्ट होतं. मे महिन्यात दुपारी तपासलेला कॅमेरा सगळ्यात फसवा असतो.

मग वेग मोजा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायचा, कॅमेऱ्याची मागची झडप उघडून, लेन्स खिडकीकडे करून. नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजायचं. १/४ ला ६० फ्रेम यायला हव्यात, १/३० ला ८, १/६० ला ४. त्यापुढचे वेग असे नीट मोजता येत नाहीत, तिथे आवाजातला फरक ऐकायचा. १/३० ला ८ ऐवजी ९-१० आल्या तर चिंता नको, निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश पचवते. १५-१६ आल्या तर सर्व्हिसिंगशिवाय गत्यंतर नाही.

सेल्फ-टायमरचा दांडा मात्र दाबू नका. जुन्या कॅमेऱ्यांत तो मधेच अडकतो आणि सगळं शटर सोबत अडकवतो. तो चालतो का हे कळण्यासाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

कॅनोनेट "जाम" म्हणून स्वस्तात मिळत असेल तर आधी ॲपर्चरची रिंग ऑटोवरून काढून एखाद्या आकड्यावर ठेवा. ऑटोवर असताना सेल मेलेला असला किंवा प्रकाश अपुरा असला तर हा कॅमेरा बटण दाबूच देत नाही. तो दोष नाही, बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली सोय आहे. विकणाऱ्यालाही हे सांगा. माहीत नसल्याचा फायदा घेऊन म्हाताऱ्या माणसाकडून वस्तू उचलणं मला पटत नाही.

इलेक्ट्रोचा "ठक्क"

माझा पहिला इलेक्ट्रो मी बर्डीतल्या एका दुकानातून घेतला होता. शटर वाजत होतं, दिवे लागत होते, काच स्वच्छ होती. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत महालातून इतवारीपर्यंत एक अख्खा रोल काढला. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत"चा ओरडा, खांद्यावर बसलेली लेकरं. रोल धुऊन आला तेव्हा निम्म्याहून अधिक फ्रेम जळलेल्या होत्या, मध्येच एखादी बरी. तो दिवस पुन्हा येण्यासाठी वर्षभर थांबावं लागलं.

दोष आतल्या एका रबरी तुकड्यात होता. इलेक्ट्रोच्या पोटात शटरची यंत्रणा जिथे येऊन टेकते तिथे छोटीशी रबरी गादी असते. वयाने ती कुजते, भुगा होतो, आणि मग यंत्रणा आपल्या जागी परत येत नाही. एक्स्पोजरचा भरवसा संपतो. तपासणी सोपी आहे: फिल्म पुढे सरकवायचा दांडा ओढताना आतून स्पष्ट "ठक्क" असा आवाज यायला हवा, बोटांनाही तो जाणवतो. आवाज नसेल तर गादी गेली असं समजा. ती बदलता येते, पण त्यासाठी कॅमेरा खोलावा लागतो, आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

शिवाय सेल घालून बॅटरी तपासायचं बटण दाबा, दिवा लागला पाहिजे. बटण अर्धं दाबल्यावर अंधारात पिवळा आणि भर उन्हात एफ १.७ वर लाल दिवा लागायला हवा. मीटरच्या डोळ्यावर बोट ठेवून क्लिक केलं तर शटर बराच वेळ उघडं राहायला हवं. बोट काढून उजेडात केलं तर झटकन मिटायला हवं. सेलची जागाही उघडून पाहा. हिरवट-पांढरा थर दिसला तर वरून तो व्हिनेगर लावलेल्या कापसाने निघतो, पण गंज तारेतून आत चढलेला असेल तर तार बदलावी लागते.

दोन प्रतिमा जुळतात का

आता रेंजफाइंडर. याला घाई करू नका, चहा आला तर चहा घेऊन मग करा. शक्यतो बाहेर या. पाव-अर्ध्या किलोमीटरवरची सरळ उभी कड शोधा. मेट्रोचा खांब यासाठी फार चांगला, वर्धा रोडच्या आसपास असाल तर शोधावं लागत नाही. नाहीतर फुटाळ्याच्या काठावरून पलीकडचा खांब. फोकस रिंग अनंतावर, म्हणजे आडव्या आठाच्या खुणेवर, टेकेपर्यंत फिरवा. चौकोनातल्या दोन्ही कडा एक झाल्या पाहिजेत.

मग जवळचं. भिंतीवरचं कॅलेंडर चालेल. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूपासून, म्हणजे जिथे फिल्म असते तिथपासून, मोजपट्टीने बरोबर १ मीटर अंतर घ्या, प्रतिमा जुळवा आणि रिंगवरचा आकडा वाचा. दोन्हीकडे सारखाच थोडा फरक असेल तर जाणकार मेकॅनिक तो स्क्रूने दुरुस्त करतो. अनंत बरोबर आणि जवळचं चूक, किंवा उलट, असं असेल तर काम किचकट आहे. सोडून द्या.

प्रतिमा वर-खाली सरकलेली असेल, म्हणजे विजेची आडवी तार दोन तारांसारखी दिसत असेल, तर त्याने फोटो अस्पष्ट येत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो. डावी-उजवीकडची चूक मात्र थेट फोटोत उतरते.

चौकोन दिसतच नाही असे कॅमेरेही भरपूर असतात. कधी नुसती आतली धूळ असते, कधी अर्धपारदर्शक काचेवरचा मुलामा उडालेला असतो. पहिलं साफ होतं, दुसरं नाही. ओळखायला पुढच्या मोठ्या खिडकीवर, नेमक्या मध्यभागी, काळ्या चिकटपट्टीचा मसुराएवढा तुकडा लावून पाहा. त्याने मधला भाग गडद होऊन दुसरी प्रतिमा उठून दिसते. एवढ्याने दिसू लागली तर थोडा विटलेला कॅमेराही वापरण्यासारखा आहे. झोर्की-४ किंवा फेड-२ मध्ये सगळंच धूसर वाटलं तर रिळ गुंडाळायच्या चकतीखालचा छोटा दांडा फिरवून पाहा. तो डोळ्याच्या नंबरासाठी असतो, आणि कित्येकांना तो आहे हेच माहीत नसतं.

शेवटची खात्री ट्रेसिंग पेपरची. मागची झडप उघडून, फिल्म जिथे ताणून बसते त्या पट्ट्यांवर कागद सपाट चिकटवा. खोलीत अंधार करा, दीड मीटरवर दिवा किंवा मेणबत्ती ठेवा. शटर बी वर, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं राहतं त्या खुणेवर, उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं. रेंजफाइंडरने ज्योत जुळवली, की कागदावरची उलटी ज्योतही भिंगातून टोकदार दिसली पाहिजे. सोबतीला कोणी असेल तर हे सोपं जातं.

काच, झडप, आणि वास

शटर बी वर उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा, मग उलट करा. धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, तिच्यासाठी भाव पाडू नका. पुढच्या काचेवरच्या एक-दोन केसाएवढ्या ओरखड्यांनीही काही होत नाही, मागच्या काचेवरचे मात्र त्रास देतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर ती साफ होते, पण मधोमध पसरलेली बुरशी काचेवरचा लेप खाते आणि ते डाग कायम राहतात. दुधासारखा धूसर थर असेल तर समोरच्या उजेडात फोटो फिके येतात.

चामडी कव्हर उघडून नाकाशी न्या. कुबट वास आला तर लेन्स दुसऱ्यांदा पाहा. डांबर गोळ्यांचा वास आला तरी पाहा, कपड्यांबरोबर वर्षानुवर्षं ठेवलेल्या कॅमेऱ्यांच्या काचांवर मला पुष्कळदा थर दिसला आहे.

मागच्या झडपेच्या खाचांत फोम असतो. बोट लावल्यावर काळा चिकट डांबरासारखा लागला तर दचकू नका, तो गेलेलाच असतो. टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून खाचेत काळी लोकर बसवली आणि बिजागरीकडे काळ्या मखमलीची पट्टी लावली की अर्ध्या दिवसाचं काम. कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर लेन्स काढून, मागून डोळा लावून उन्हाकडे पाहा. पडद्यात चांदणी चमकली तर भोक आहे. शेवटी वाया गेलेला रोल घालून दहा-बारा वेळा पुढे सरकवा. दांडा घसरता कामा नये, आणि रोल गुंडाळायची चकती सोबत फिरली पाहिजे.

व्यवहार

माझा हिशेब साधा आहे. जेवढे पैसे खिशात आहेत त्यातले साठ टक्के कॅमेऱ्याला, बाकीचे सर्व्हिसिंगला आणि पहिल्या तीन-चार रोलांना. आधी मेकॅनिकला विचारून घ्या की लेन्समधलं शटर तो खोलतो का. आपल्याकडे असं काम करणारे जुने हात थोडेच उरलेत, आणि कित्येकदा कॅमेरा मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो. रोल धुऊन येईपर्यंत परत घ्यायची तयारी विकणारा दाखवत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. ते बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. बाहेरगावाहून कुरिअरने मागवायचा असेल तर हिवाळ्यात मागवा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडलेलं पार्सल म्हणजे पुन्हा तोच माळा.

पहिला रोल

आयएसओ २०० चा (हा आकडा फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा) साधा रंगीत रोल घाला. ४०० चा आपल्या उन्हात अडचणीचा, कारण भर दुपारी १/५०० वर सुद्धा एफ १६ लागतं, आणि यातले बहुतेक कॅमेरे त्यापुढे जात नाहीत. वहीत प्रत्येक फ्रेम लिहा. पहिले सहा फोटो एकाच उन्हातल्या भिंतीचे, वेग आणि ॲपर्चर जोडीने बदलत: १/५०० ला एफ ११, १/२५० ला एफ १६, तिथून हळू वेगाकडे सावलीत. मग १ मीटरवर पूर्ण उघड्या ॲपर्चरला कोणाच्या तरी डोळ्यावर फोकस करून चार. मग दूरचे चार. मधेच कॅमेरा दहा मिनिटं उन्हात धरा, अर्थात झाकण लावून, आणि पुढची फ्रेम काढा. उरलेला रोल मनासारखा, गोकुळपेठ बाजारात म्हणा किंवा अंबाझरीवर.

स्कॅन पाहून निर्णय देऊ नका, निगेटिव्ह मागून घ्या. फ्रेममधली अंतरं सारखी आहेत का पाहा. काळे पट्टे फ्रेमच्या बाहेर, भोकांच्या पट्टीपर्यंत गेले असतील तर झडपेतून उजेड शिरतोय. फ्रेमच्या आतच थांबले असतील तर लेन्सकडे पाहा. सहा फोटोंची घनता जवळपास सारखी यायला हवी. एखादाच फार गडद असेल तर तो वेग अडकतोय.

घरी आल्यावर

चामडी कव्हर बाजूला काढा. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत कॅमेरा ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या म्हणजे कधी तापवून सुकवायचे ते कळतं. कूलरच्या झोतासमोरचं कपाट नको, छताजवळचा कप्पा नको, आणि मे महिन्यात कारच्या डिकीत तर दहा मिनिटंही नको. सेल काढून ठेवा. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर पाच-पाच वेळा शटर चालवा आणि फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

माझ्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते: कॅमेरा कोणत्या घरातून आला, कोणत्या खोलीत असतो, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, कोणता वेग किती फ्रेम दाखवतो. माझ्यानंतर तो ज्याच्या हातात जाईल, त्याने "ठेवला कुठे होता?" असं विचारलं तर उत्तर आत लिहिलेलं आहे.